बाबांचा हिरवा गॉडझिला: रंगाला हात लावण्याआधी

नेरुळच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचे बाबा नव्वदच्या दशकात कामानिमित्त जपानला गेले होते, तिथून त्यांनी गॉडझिलाचं, म्हणजे जपानी सिनेमातल्या त्या राक्षसी प्राण्याच्या मूर्तीचं, किट आणलं, घरी जोडलं आणि हातानं रंगवलं. फूटभर उंच, आतून पोकळ, बोटानं दाबलं तर किंचित आत जातं. बाबा आता नाहीत. गेली सात-आठ वर्षं ते माळ्यावर थर्माकोलच्या खोक्यात पडून होतं. परवा काढलं, तर शेपटी सांध्यावर उकललेली, पाठीवरचं एक पातं गायब, डावा पाय आत वाकल्यामुळे सगळं अंग पुढं कललेलं आणि हात लावला की चिकट. ताईंनी फेव्हिक्विक लावून पाहिलं, पण सांधा दोन दिवसांत सुटला आणि भोवती पांढरट डाग उमटला. आता प्रश्न असा की गोंद कुठला वापरायचा, आणि सगळा रंग काढून सिनेमातल्यासारखा करडा रंग द्यायचा का, कारण बाबांनी तो हिरवा रंगवलाय.

ताई, गोंदाचं सांगतोच. पण तुमच्या प्रश्नातली जास्त मोठी गोष्ट शेवटच्या वाक्यात आहे. शेपटी, पाय, पातं यातलं काहीही बिघडलं तर पुन्हा करता येतं. मीसुद्धा एकेक काम तीन-तीनदा केलंय. बाबांनी दिलेला रंग मात्र एकदा गेला की गेला. म्हणून आधी त्याचं ठरवू.

तुम्ही पाठवलेला पोटाचा फोटो मी मोठा करून पाहिला. छातीखाली डावीकडे रंगात ब्रशचे दोन केस अडकलेत. पोटावरच्या आडव्या वळ्यांवर गडद हिरव्याच्या वर फिका हिरवा कोरड्या ब्रशनं ओढलाय, आणि तो सगळा एकाच दिशेनं, वरून खाली उजवीकडे गेलाय. खूप सराव असलेल्या माणसाचं काम नाही ते, पण घाईचंही नाही. दातांना पांढऱ्याऐवजी पिवळसर हस्तिदंती रंग आहे आणि हिरड्यांपाशी तपकिरी रेघ आहे. किटच्या खोक्यावर एवढं कुणी शिकवत नाही. त्यांनी कुठंतरी नीट निरखून पाहिलं असणार.

रंग ‘बरोबर’ नाही, ही तुमची शंका माहितीच्या दृष्टीनं खरी आहे. १९५४ साली तोहो कंपनीनं काढलेला पहिला सिनेमा कृष्णधवल होता. इशिरो होंडा दिग्दर्शक, एइजी त्सुबुराया यांच्याकडे ट्रिकदृश्यं. त्यातला रबरी सूट कोळशासारखा करडा होता. हिरवा गॉडझिला लोकांच्या डोक्यात बसला तो पोस्टरांमुळे आणि खेळण्यांमुळे. पुढं १९९९च्या सिनेमात सूटच हिरवट केला गेला. तेव्हा बाबांनी हिरवा रंग दिला तो त्या काळात जगभर माहीत असलेल्या गॉडझिलाचा. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

पंधरा वर्षांपूर्वी कोपरीच्या एक बाई त्यांच्या दिवंगत यजमानांनी केलेलं एका राक्षसी प्राण्याचं रेझिनचं मॉडेल माझ्याकडे घेऊन आल्या. हात तुटला होता, रंग दोन-चार ठिकाणी उडाला होता. मी हात बसवला आणि त्यांना न विचारता सगळा रंग काढून नव्यानं दिला. काम चांगलं झालं होतं. त्यांनी मॉडेल हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, “नखांवरचा पिवळा कुठं गेला?” मुलगी चार वर्षांची असताना तिनं वडिलांच्या मांडीवर बसून तीन नखांना पिवळा रंग लावला होता. मला तो डाग वाटला होता आणि मी तो पहिल्याच दिवशी पुसला होता. तेव्हापासून माझ्याकडे कुणी वस्तू आणली की आधी ती कुणी केली ते विचारतो. हात नंतर लावतो.

अर्थात हे परिस्थितीवर अवलंबून आहे. किट विकायचं असतं, किंवा बाजारातून जुनं जोडलेलं घेऊन संग्रहासाठी नव्यानं करायचं असतं, तर मी वेगळं सांगितलं असतं. रंग सगळीकडून पापुद्रे सुटून पडत असेल, किंवा रंगच कायमचा चिकट राहिला असेल, तर तो काढावाच लागतो. तुमच्या फोटोंत तसं दिसत नाही. म्हणून माझा सल्ला असा की बाबांचा रंग जसा आहे तसा राहू द्या, आणि आपण फक्त गेलेल्या भागापुरतं काम करू.

आता वस्तू कशाची आहे ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. पोकळ, दाबलं की दबणारं, हाताला रबरासारखं लागणारं असेल तर ते मऊ व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसी. जपानमध्ये ऐंशीच्या दशकात घरगुती पातळीवर सुरू झालेली आणि नंतर फोफावलेली गॅरेज किट्स बहुतेक याची, नाहीतर रेझिनची. रेझिन जड, भरीव आणि पडलं की टवका उडणारं. तिसरा प्रकार पॉलिस्टायरिनचा, पातळ, कडक, टिचकी मारली की टणटण वाजणारा. अमेरिकेतल्या ऑरोरा कंपनीनं १९६१ साली फ्रँकेन्स्टाइनचं किट काढलं आणि नंतर भुताखेतांची मालिकाच आणली, ती सगळी पॉलिस्टायरिनची. त्यांच्या १९६४च्या गॉडझिलाला प्लास्टिक सिमेंट चालतं, कारण ते पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं. तुमच्या व्हिनाइलवर त्याचा काही उपयोग नाही. तुमचं व्हिनाइलच आहे, याबद्दल मला जवळजवळ खात्री आहे. तळव्यांवर किंवा शेपटीखाली कंपनीचं नाव आणि साल उमटवलेलं असतं, तेही एकदा बघून ठेवा.

सगळ्यांसाठी एक सूचना: नेलपॉलिश रिमूव्हर किंवा रंगाचा थिनर यातल्या कशालाच लावू नका. पॉलिस्टायरिन क्षणात वितळतं. व्हिनाइल वितळत नाही, पण फुगतं, मऊ पडतं, आणि रंग तर निघतोच.

चिकटपणाची दोन कारणं असू शकतात. मऊ पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं एक द्रव्य घालतात, प्लास्टिसायझर. वर्षानुवर्षं गरमीत राहिलं की ते हळूहळू बाहेर झिरपतं. स्लॅबखालच्या माळ्यावर एप्रिल-मेमध्ये काय उकाडा असतो ते मी वेगळं सांगायला नको. दुसरं कारण म्हणजे व्हिनाइलवर दिलेला एनॅमल, म्हणजे तेलावर आधारित रंग. तेच द्रव्य रंगात शिरतं आणि रंग कधी पूर्ण वाळतच नाही. तुमच्याकडे कुठलं कारण आहे ते ओळखायला शेपटीच्या उघड्या तोंडातून बोट घालून आतली, न रंगवलेली बाजू चाचपा. तीही चिकट असेल तर व्हिनाइल झिरपतंय. आत कोरडं आणि बाहेर चिकट असेल तर रंगाचा दोष. पहिलं असेल तर उपाय सोपा आहे. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश, हलका हात, मग साधं पाणी आणि पंख्याखाली दिवसभर सुकवणं. आधी तळव्यावर करून बघा, रंग उतरत नाही ना. वर्ष-दीड वर्षात पुन्हा थोडं चिकट झालं तर पुन्हा धुवा.

हे द्रव्य थर्माकोललाही खातं. तुमच्या मूर्तीच्या पाठीवर थर्माकोलचे पांढरे दाणे वितळून चिकटलेले दिसतायत, ते यामुळेच. ते लाकडी टूथपिकनं एकेक करून सोडवा. आणि आता ते खोकं टाकून द्या. मऊ व्हिनाइल थर्माकोलमध्ये किंवा हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत कधीच ठेवू नये. जुन्या सुती साडीत गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, माळ्याऐवजी कपाटात ठेवा.

पाय. हे काम बघायला अवघड वाटतं, पण सगळ्यात समाधान देणारं आहे. व्हिनाइलला स्वतःच्या साच्याची आठवण असते. उष्णतेनं आणि वजनानं ते हळूहळू वाकतं, पण पुन्हा गरम केलं की मूळ आकाराकडे आपणहून परतू लागतं. न रंगवलेला पाय असता तर मी साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात बुडवायला सांगितलं असतं. रंग वाचवायचा आहे, म्हणून हेअर ड्रायर वापरा. वीतभर अंतरावरून, सतत हलवत, मिनिट-दोन मिनिटं. हाताला चांगलं गरम लागलं की थांबा, चटका बसेल इतकं तापवू नका. मग हळूच सरळ करा आणि गार पाण्यात भिजवलेलं फडकं धरून गार होईपर्यंत तसंच ठेवा. एका दमात होणार नाही, तीन-चार वेळा थोडं थोडं करा. गॅसची ज्योत किंवा हीट गन मात्र अजिबात नको. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडची वाफ निघते आणि ती घशाला, डोळ्यांना वाईट.

सरळ केलेला पाय आतून आधार दिल्याशिवाय येत्या उन्हाळ्यात पुन्हा वाकेल. शेपटी सुटलीच आहे, तर त्या भोकातून एक लाकडी दांडी तळव्यापासून कंबरेपर्यंत बसवा, आणि तळव्यात धुऊन पूर्ण सुकवलेली बारीक रेती भरून वर एम-सीलचं, म्हणजे दोन भाग मळून लावायच्या लांबीचं, बूच मारा. जुने लोक तळव्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओततात, मीही ओततो, पण पावसाळ्यात नाही. बंद पोकळीतलं प्लास्टर आपल्याकडच्या दमट हवेत आठवडेच्या आठवडे ओलं राहतं.

शेपटी आणि तुमचं फेव्हिक्विक. गोंद चुकीचा नव्हता. व्हिनाइलला तो चांगला धरतो. पण तो सुकल्यावर काचेसारखा कडक होतो आणि व्हिनाइल वाकत राहतं, त्यामुळे जड शेपटी फक्त त्याच्या भरवशावर टिकत नाही. शिवाय तुम्ही तो बाबांच्या वेळच्या जुन्या गोंदावर लावलात, म्हणजे त्यानं व्हिनाइलला धरलंच नाही. आधी दोन्ही कडांवरचा जुना गोंद ड्रायरनं ऊब देऊन बोथट सुरीनं खरवडून काढा, मग बारीक पॉलिशपेपर मारा. रेझिनच्या वस्तूंसाठी फ्रीजरमध्ये ठेवून सांधा तडकवायची युक्ती चालते. व्हिनाइलला ती करू नका, ते थंडीत ठिसूळ होतं. मग शेपटीच्या आत ॲल्युमिनियमची जाड तार घाला, तिची दोन्ही टोकं एम-सीलमध्ये पक्की करा, एक शेपटीत आणि एक धडात. कडेला आतून अॅरल्डाइट लावा, पाच मिनिटांवालं नको, रात्रभर घेणारं साधं. बाहेरून फेव्हिक्विकचे चार-पाच ठिपके फक्त जागेवर धरून ठेवायला. शेपटीखाली पुस्तकं रचून चोवीस तास हलवू नका. पांढरा डाग म्हणजे गोंदाची वाफ बाजूच्या रंगावर बसलेली. ओल्या फडक्यानं गेला तर ठीक, नाहीतर शेवटी मॅट वार्निशखाली दिसेनासा होईल. खरवडू नका.

सांध्यावर उरलेली फट एम-सीलनं भरायची, आणि इथं बहुतेकांचं काम फसतं. भरलेला भाग गुळगुळीत राहतो आणि लांबूनही दिसतो. गॉडझिलाची कातडी नुसती खवल्यांची नाही. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या अंगावरच्या व्रणांवरून तिचा खडबडीतपणा घेतला, असं म्हणतात. ती हातानं कोरायला गेलात तर कुणाच्याही हातून एकसारखी रेघोटी उमटते. मी कातडीचाच शिक्का करतो. दातांच्या डॉक्टरांकडे माप घ्यायची सिलिकॉनची पुटी असते, दोन डब्यांतली, सारख्या मापानं मळायची. ओळखीच्या डॉक्टरांकडून लिंबाएवढी मागून आणा. सांध्याशेजारच्या चांगल्या कातडीवर ती दाबा, पाच-सात मिनिटांत घट्ट होते, सोलून काढा. झाला शिक्का. फटीत एम-सील भरा, पाण्याच्या बोटानं सपाट करा, साधारण वीस मिनिटं थांबा. बोटाला चिकटायचं बंद झालं पण नख रुततंय, अशा वेळी शिक्का ओला करून दाबा. सरकवत नेऊ नका, उचला आणि थोडा फिरवून शेजारी पुन्हा दाबा, म्हणजे एकच ठसा परत परत दिसणार नाही. एक लक्षात ठेवा: ही पुटी मळताना लॅटेक्सचे हातमोजे घालू नका. लॅटेक्समधल्या गंधकामुळे ती घट्टच होत नाही. उघड्या हातांनी किंवा नायट्राइलचे मोजे घालून मळा.

हरवलेलं पातंही याच पुटीनं होईल. पाठीवर पात्यांच्या तीन रांगा असतात, मधली मोठी, बाजूच्या लहान. तुमचं गेलंय ते उजव्या रांगेतलं. डाव्या रांगेतलं समोरचं पातं घ्या, पुटी दोन्ही बाजूंनी दाबून दोन भागांचा साचा करा, आत तेलाचं बोट फिरवा आणि एम-सील भरा. बाहेर येईल ते डाव्या बाजूचं, म्हणजे उलटं कललेलं. तासाभरात, पूर्ण कडक व्हायच्या आत, साच्यातून काढा आणि बुंध्याशी हळूच दुसऱ्या अंगाला वाकवून सुकू द्या. टोकं सुरीनं थोडी कापून वेगळी करा, कारण मूळ मूर्तीत दोन पाती तंतोतंत सारखी नसतात. बसवताना बुंध्यात आणि पाठीत सुईएवढी भोकं पाडून पिन घाला. नुसतं चिकटवलेलं पातं पहिल्या झाडपुसीत निघतं.

आता रंग, तोही फक्त तीन ठिकाणी: नवं पातं, सांध्याचा पट्टा, आणि रंग उडालेले ठिपके. ॲक्रिलिक वापरा. कॅमलच्या आर्टिस्ट ॲक्रिलिकनं माझं काम होतं. एनॅमल नको, आणि डब्यातला स्प्रे तर मुळीच नको, कित्येक स्प्रे मऊ व्हिनाइलवर वर्षभर चिकट राहतात. बाबांचा हिरवा जुळवताना पांढऱ्या कागदावर ठिपके देत जा, पूर्ण वाळू द्या, कारण ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, मग कागद मूर्तीशेजारी धरून खिडकीच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग दिवसा वेगळा दिसतो. बाबांचा हिरवा आता थोडा पिवळटलाय, म्हणून कच्च्या अंबरचा, म्हणजे ‘रॉ अंबर’ या तपकिरी रंगाचा, कणभर लागेल. फिका थर त्यांच्यासारखाच द्या, कोरडा ब्रश, वरून खाली उजवीकडे. त्यांच्या रंगाच्या हद्दीत मिलिमीटरभरही शिरू नका. वरून पाण्यावर आधारित मॅट वार्निशचा पातळ हात, तोही फक्त नव्या भागावर आणि त्या पांढऱ्या डागावर.

डोळ्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण फोटोत उजव्या बुबुळाचा काळा ठिपका अर्धा उडालाय. त्याला स्वतः हात लावू नका. आपल्याकडे गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर वेगळा असतो, बाकीचे रंग कुणीही भरोत. पेणमध्ये लहानपणी मामाकडे जायचो तेव्हा बघितलंय, आखणी चालू असताना कारखान्यात कुणी मोठ्यानं बोलत नसे. ठाण्यात किंवा नेरुळला तुमच्या जवळच्या मूर्तिकाराला दिवाळीनंतर विचारा. डाव्या डोळ्याचा फोटो दाखवा आणि तेवढाच ठिपका भरून घ्या. त्यांना दोन मिनिटं लागतील. आपल्याला दोन तास लागून ते तिरळं होईल.

वेळेचं म्हणाल तर जुलै चालू आहे. धुणं, थर्माकोलचे दाणे काढणं, पाय सरळ करणं, शेपटीचं आतलं काम आणि पातं हे सगळं आत्ता करता येईल. रंग आणि वार्निश ऑक्टोबर उलटल्यावर. दमट हवेत वार्निशला पांढरी साय धरते आणि मग ती काढताना खालचा रंग धोक्यात येतो. घाई असेल तर एसी ड्राय मोडवर चालू ठेवून बंद खोलीत करता येतं, पण मी थांबलो असतो.

शेपटीचा सांधा स्वतः उघडायचा धीर होत नसेल तर मी नौपाड्यात राहतो, ट्रान्स हार्बर लोकलनं ठाण्याला या. डब्यात वर रॅकवर ठेवू नका, साडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसा, गर्दीच्या वेळा टाळून. त्याआधी दोन फोटो पाठवा: तळव्यांचा, आणि शेपटीच्या तोंडातून आत टॉर्च मारून काढलेला. जुना गोंद किती खोलवर गेलाय ते दिसलं की तार कुठपर्यंत घालायची ते सांगतो.